दुमडलेला अंगठा

मी हसलो, एवढंच झालं होतं. पण वर्ष उलटलं तरी ते हसणं कुसळासारखं कुठेतरी टोचतंय.

सप्टेंबर २०२४. आमची बोट इटलीतल्या जेनोव्हाच्या ड्राय डॉकमध्ये लागली होती. पाणी उपसून कोरड्या केलेल्या त्या प्रचंड दगडी हौदात बोट अशी उघडी पडते, की जिच्या पोटात आपण सहा-सहा महिने झोपतो तिच्याकडे बघायला संकोच वाटावा. बुडाला चिकटलेली कालवं, शेवाळाचे हिरवे झिपरे, गंजाचे पापुद्रे, आणि त्या सगळ्यावर दिवसभर पाण्याच्या झोताचा मारा. दुपारी बाराला मात्र सगळा गोंगाट एकदम थांबायचा. यार्डाकडून शाफ्टच्या सीलच्या कामाला एक म्हातारा फिटर यायचा. साठी कधीच ओलांडलेली, खांदे अजून रुंद, एका डोळ्यात किंचित पाणी. बोटीवरचा सेकंड इंजिनीअर म्हणून तो मला ‘सेकोंदो’ म्हणायचा. मी मनातल्या मनात त्यांना आबा म्हणायला लागलो होतो, कारण आमच्या मालवणच्या घराशेजारी अगदी याच बांध्याचे, याच चालीचे एक आबा होते आणि तेही माणसाला आधी वरपासून खालपर्यंत बघून मग बोलायचे.

आबांनी कॉटन वेस्टने हात पुसले, तेलकट कागदातली फोकाच्या, म्हणजे तिथला चपटा पाव, काढली, अर्धी तोडून माझ्यापुढे धरली. त्यांचं मोडकंतोडकं इंग्रजी, माझं वीस-पंचवीस शब्दांचं इटालियन. इंडिया म्हटल्यावर क्रिकेट आलंच. ते म्हणाले, आमच्याकडेही क्रिकेट आहे. थर्मासवरचा लाल-निळा स्टिकर दाखवला. त्यावर ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या तोंडाचा सिंह, आणि सी. एफ. सी. अशी अक्षरं. ‘सी’ म्हणजे क्रिकेट. जेनोआ क्रिकेट अँड फुटबॉल क्लब. मला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांनी दोन्ही हात वर केले, दहाही बोटं पसरली आणि डाव्या हाताचा अंगठा आत दुमडला. नऊ. नऊ वेळा इटलीचे विजेते. मी भुवया उंचावून दाद दिली आणि विचारलं, शेवटचं कधी? ‘व्हेंतिक्वात्रो.’ चोवीस. मी म्हटलं, अरे वा, म्हणजे यंदाच! आबांनी मान हलवली. १९२४.

आणि मी हसलो. फोकाच्याचा घास तोंडात असताना, ठसका लागेपर्यंत.

आबा रागावले नाहीत. वर धरलेली नऊ बोटं सावकाश खाली आणली, आधीच पुसलेले हात पुन्हा एकदा पुसले आणि सीलकडे वळले. त्या दिवशी दुपारभर ते ‘पाना’, ‘बत्ती’, ‘इकडे धर’ याच्यापलीकडे काही बोलले नाहीत.

मी का हसलो याचं उत्तर मला त्या रात्री केबिनमध्ये पडल्यापडल्याच मिळालं होतं. मी मालवणचा असलो तरी वाढलो परळला. आमच्या घरी रणजी म्हणजे मुंबईने जिंकायची गोष्ट. बाबा गिरणीतून आले की ट्रान्झिस्टरच्या जाळीला कान लावून बसायचे आणि मुंबई जिंकली तर खूश वगैरे व्हायचे नाहीत, नुसतं ‘हं’ म्हणायचे. १९५८-५९पासून सलग पंधरा वर्षं ज्यांनी करंडक दुसऱ्याला दिला नाही, त्यांच्या माणसांना आणखी काय होणार! त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मी रजेवर होतो, तर वानखेडेवर फायनलला गेलो होतो. विदर्भाला हरवून मुंबईने बेचाळिसावी रणजी घेतली. धवल कुलकर्णीची शेवटची मॅच, शेवटची विकेटही त्याचीच. मला भरून आलं होतं खरं, पण आजूबाजूला पाहिलं तर बहुतेक खुर्च्या मोकळ्या. माझ्या मागच्या रांगेत एक गृहस्थ डबा उघडून निवांत पोळी-भाजी खात होते. बेचाळीस करंडकांचा वारस मी, नऊवाल्याला हसलो होतो. आणि ते नऊही शंभर वर्षांपूर्वी संपलेले.

पण त्या नऊवाल्यांचं स्टेडियम भरतं. तेहेतीसेक हजारांचं.

दुसऱ्या दिवशी आबांना मी फोकाच्या नेली. बोलणं सुरू झालं ते खाण्यावरूनच. जेनोव्हाची माणसं सकाळी फोकाच्या चक्क कॉफीत बुडवून खातात, तीही तेल-मिठाची बाजू खाली करून. बाकी इटली याला नाक मुरडते. आम्ही चहात खारी बुडवतो तसंच हे, असं सांगितल्यावर आबांना फार बरं वाटलं. मग एका संध्याकाळी ते मला जुन्या शहरात घेऊन गेले. तिथले बोळ, त्यांना ‘कारुज्जी’ म्हणतात, इतके अरुंद की समोरून माणूस आला तर कुणी आधी अंग चोरायचं हे डोळ्यांनीच ठरवावं लागतं. वर दोरीवर वाळणारे कपडे, खाली मुतारीचा, तळणाचा आणि ओल्या दगडाचा वास. अशाच एका बोळात लाकडाची भट्टी होती आणि तीत ताटापेक्षा चौपट मोठ्या तांब्याच्या परातीत फारिनाता भाजत होते. चण्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. वरून करपट कुरकुरीत, आत लुसलुशीत. पहिला घास घेतला आणि मला आईचं बेसनाचं धिरडं आठवलं. आईचं जरा जास्त जाड असायचं, आणि त्यात ओवा.

तिथेच फारिनाता खाता खाता आबा आपल्या आजोबांबद्दल बोलले. आजोबा बंदरात ‘कमाल्लो’ होते. मी म्हटलं, काय? कमाल्लो, कमाल्लो म्हणत त्यांनी पाठीवर गोणी घेतल्याचा अभिनय केला. मी उडालोच. हमाल! आबांनी मान डोलावली, अरबी शब्द आहे, आमच्याकडे बोटीतून आला. आमच्याकडेही बोटीतूनच आला असणार. एकाच शब्दाने दोन दिशांना जाणाऱ्या दोन गलबतांत पाऊल टाकलं, एक कोकणात उतरला आणि एक लिगुरियात, म्हणजे जेनोव्हाच्या किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे त्याने पाठीवर ओझं घेतलं. आमच्याकडे मात्र ‘हमाल’ म्हणताना आवाज खाली जातो. आबांचा वर गेला. जेनोव्हात कमाल्लोंच्या संघटनेला मान आहे, तिचा जुना दरारा आहे.

क्रिकेटही असंच बोटीतून उतरलेलं. ७ सप्टेंबर १८९३ला इथल्या इंग्रजांनी क्लब काढला तो क्रिकेट आणि मैदानी खेळांसाठी. फुटबॉलला जीव आला तो जेम्स स्पेन्स्लीमुळे. हा डॉक्टर १८९६मध्ये इथे आला, कोळशाच्या बोटींवरच्या इंग्रज खलाशांना तपासायला. पुढच्याच वर्षी त्याने क्लबचं दार इटालियन पोरांना उघडायला लावलं, आणि १८९८मध्ये तुरिनला एका दिवसात उरकलेली पहिली राष्ट्रीय स्पर्धा याच क्लबने जिंकली, संघात स्वतः डॉक्टरसाहेब. पहिल्या सात वर्षांत सहा विजेतेपदं. मग १९१२मध्ये विल्यम गार्बट नावाचा इंग्रज कोच आला. खेळाडू त्याला ‘मिस्टर’ म्हणायचे आणि तेव्हापासून सगळी इटली कोचला ‘मिस्टर’ म्हणते, असं आबा सांगतात आणि पुस्तकंही सांगतात. १९१५ची स्पर्धा महायुद्धामुळे अर्ध्यावर थांबली, तरी विजेतेपद पुढे जेनोआलाच दिलं गेलं. रोमचे लाझियोवाले त्यावर अजून भांडतात, आणि या भांडणाचा विषय निघाला की आबांच्या पाणावलेल्या डोळ्याला धार येते. स्पेन्स्ली त्याच युद्धात डॉक्टर म्हणून गेला, जखमी झाला आणि जर्मनीत वारला. १९२३, १९२४ ही शेवटची दोन. मग काहीच नाही. इटलीत दहा विजेतेपदं झाली की जर्सीवर सोनेरी तारा लावता येतो. एका ताऱ्यासाठी शंभर वर्षं अंगठा दुमडून बसलेली माणसं आहेत ही.

नावाचीही गंमत बघा. शहर जेनोव्हा, त्यांच्या स्वतःच्या बोलीत झेना, आणि क्लब मात्र इंग्रजी उच्चाराचा जेनोआ. मुसोलिनीच्या काळात परदेशी नावं चालेनात, तर १९२८ला क्लबचं नाव जबरदस्तीने जेनोव्हा करण्यात आलं. म्हणजे खरं तर त्यांच्याच शहराचं खरं नाव त्यांना दिलं गेलं! पण १९४५ला युद्ध संपल्यावर या लोकांनी ते काढून टाकलं आणि साहेबाचं जेनोआ परत आणलं. आपल्याकडे हे उलटं घडतं, म्हणून मला ते समजायला वेळ लागला. आबांना विचारलं तर ते खांदे उडवून म्हणाले, ज्या नावाने जिंकलो ते आपलं. मग जरा थांबून, आणि ज्या नावाने हरलो तेही. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या बंदरात जाऊन राहिलेल्या जेनोव्हाच्या माणसांच्या पोरांनी १९०५मध्ये बोका ज्युनिअर्स काढला. त्या क्लबच्या लोकांना अजून ‘सेनेइसे’ म्हणतात, म्हणजे जेनोव्हाचे. मॅराडोना ज्यांच्याकडून खेळला ते आमचेच, हे आबांनी मला किमान चार वेळा ऐकवलं.

खरं सांगायचं तर मला त्या गावात परकं वाटलंच नाही. याचं कारण फुटबॉल नव्हे, कुरकुर. जेनोव्हाच्या माणसाच्या कुरकुरीला ‘मुगुन्यो’ असा खास शब्द आहे. म्हणे पूर्वी इथल्या खलाशांना पगाराचे दोन प्रकार असत, कुरकुरीच्या हक्कासकट कमी आणि हक्काशिवाय जास्त, आणि हे पठ्ठे कमी पगार घेत. गोष्ट खरी असो-नसो, मालवणी माणसाला ती पटकन पटेल. दुसरा शब्द ‘मानिमान’. न जाणो. छत्री घे, न जाणो. पैसे जपून, न जाणो. जिंकतोय म्हणून नाचू नको, न जाणो. बाकीची इटली यांना कंजूष म्हणून हिणवते, जसे आपण कोणाकोणाला म्हणतो ते इथे नको लिहायला. आणि दर वाक्याला एक शब्द, ‘बेलिन’. त्याचा अर्थ आबांनी हाताने दाखवला तेव्हा मी म्हटलं, हा तर आमच्याकडे प्रेमाने हाक मारायचा शब्द! मुंबईच्या क्रिकेटला ‘खडूस’ म्हणतात तो खडूसपणा मला कायम मैदानावरचा वाटायचा. जेनोव्हात तो माणसांच्या रोजच्या बोलण्यात, दुकानदाराच्या सुट्टे पैसे मोजण्यात दिसला.

आता दुसरी बाजू. आबांच्या हाताखाली एक तरुण वेल्डर होता, सांपिएरदारेनाचा, म्हणजे दीपस्तंभाच्या पायथ्याच्या कामगार वस्तीतला. तो सांपडोरियाचा, म्हणजे गावातल्या दुसऱ्या क्लबचा. निळ्या जर्सीवर पांढरा-लाल-काळा-पांढरा पट्टा, आणि बिल्ल्यावर तोंडात पाईप धरलेला दाढीवाला खलाशी. १९४६मध्ये सांपिएरदारेनेसे आणि आंद्रेआ दोरिया असे दोन क्लब एकत्र होऊन हा झाला. आबांच्या लेखी म्हणून तो ‘कालचा’. वेल्डरचं म्हणणं, कालचे का असेना, आम्ही रंगीत टीव्हीवर जिंकलो. १९९१चं विजेतेपद, वियाली आणि मान्चिनीच्या जोडीचं, पोरगा तेव्हा जन्मलाही नव्हता. १९९२ला वेंब्लीवर युरोपियन कपच्या फायनलला बार्सिलोनाने जादा वेळेत एका फ्रीकिकवर हरवलं, ते दोघं रडले. २०२१ला त्याच वेंब्लीवर मान्चिनी इटलीचा कोच आणि वियाली संघाबरोबर, इटली युरो जिंकली आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून पुन्हा रडले. दीड वर्षाने, जानेवारी २०२३मध्ये वियाली गेला. वेल्डर हे सांगत होता तेव्हा आबा रॉड मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, चांगला पोरगा होता. एवढंच. दुसऱ्याच्या खेळाडूसाठी.

म्हणून यांचं वैर मवाळ आहे असं नाही. २०११च्या मे महिन्यात शेवटच्या क्षणाच्या गोलने डर्बी, म्हणजे गावातल्या दोन क्लबांमधला सामना, जिंकून जेनोआने सांपडोरियाला खालच्या श्रेणीच्या कड्यावर नेलं आणि ते पडल्यावर जेनोआवाल्यांनी गावातून त्यांची खोटी अंत्ययात्रा काढली. आबा त्या यात्रेत होते. मला थेट शिमगा आठवला, ज्याच्या नावाने बोंब मारायची त्याच्याच अंगणात होळीच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खायची. मग २०२२च्या एप्रिलमध्ये डर्बीच्या अगदी अखेरीला जेनोआला पेनल्टी मिळाली, कॅप्टन क्रिशितोने मारली, सांपडोरियाच्या गोलकीपरने अडवली आणि त्या मोसमात जेनोआ खाली गेलं. ‘तेव्हा यांनी काढली यात्रा?’ मी विचारलं. आबा म्हणाले, पेनल्टी चुकल्यावर मी घरी चालत गेलो, कारण बसमध्ये कोणी ना कोणी त्यांचा असतोच. घरातही होता. त्यांचा जावई.

दोन्ही क्लबांचं स्टेडियम एकच, मारास्सी भागातलं लुइजी फेर्रारिस. पहिल्या महायुद्धात मेलेल्या जेनोआच्या कॅप्टनचं नाव. एका रविवारी आबा मला नुसतं बाहेरून दाखवायला घेऊन गेले. बिझान्यो नदीच्या काठाला चाळींसारख्या इमारतींच्या मध्ये कोंबलेलं, चार कोपऱ्यांना चार तांबूस चौकोनी मनोरे, आणि भिंतीला भिंत लावून तुरुंग. उत्तरेची बाजू जेनोआची, दक्षिणेची सांपडोरियाची. भिंतीशी उभं राहून आबांनी मला पुलाची गोष्ट सांगितली. १४ ऑगस्ट २०१८, भर पावसात मोरांदी पूल कोसळला, ४३ माणसं गेली. मोसम त्याच आठवड्यात सुरू होणार होता, दोन्ही संघांचे पहिले सामने पुढे ढकलले. मग २६ तारखेला जेनोआचा घरचा सामना. उत्तरेच्या बाजूला ढोल नाही, झेंडे नाहीत, गाणं नाही. ४३ मिनिटं हजारो माणसं गप्प. ‘सेकोंदो, तू इंजिनच्या आवाजात राहतोस,’ आबा म्हणाले, ‘मधेच सगळी मशिनं बंद पडली तर कसं वाटतं?’ मला माहीत होतं. ब्लॅकआउट होतो तेव्हा झोपलेला माणूससुद्धा ताडकन उठून बसतो. ‘तसं. गोल झाला तरी कोणी ओरडलं नाही. बूट चेंडूला लागल्याचा आवाज यायचा. पक्ष्यांचा यायचा.’ त्रेचाळिसावं मिनिट भरल्यावर टाळ्या. पुलाखाली मेलेले कोण जेनोआचे होते, कोण सांपडोरियाचे, कोण कुणाचेच नव्हते, ते कोणी विचारलं नाही.

आबांनी मला तिकिटाचं कबूल केलं होतं. २८ सप्टेंबर, युव्हेंतसविरुद्ध. पण त्याआधी बुधवारी, २५ तारखेला, कपमध्ये डर्बी आली. खालच्या श्रेणीतली सांपडोरिया आणि वरच्या श्रेणीतलं जेनोआ. सामन्याआधी मारास्सीच्या रस्त्यांवर दोन्हीकडच्या पोरांनी दगड, फटाके, पोलिसांशी मारामाऱ्या असा तमाशा केला. मी बंदराजवळच्या एका बारमध्ये टीव्हीवर बघत होतो. १-१, मग पेनल्टी, सांपडोरिया जिंकली. दुसऱ्या दिवशी वेल्डर अक्षरशः तरंगत आला आणि आबांनी त्याला दिवसभर टाकी साफ करायला लावलं. पण खरी शिक्षा पुढे होती. त्या मारामारीपायी युव्हेंतसचा सामना रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवायचं ठरलं. माझं तिकीट गेलं.

तरी शनिवारी संध्याकाळी आम्ही गेलो. आबा म्हणाले, चल, न जाणो. नदीकाठच्या कठड्याशी त्यांच्याच वयाची पाच-सहा माणसं गळ्यात लाल-निळे मफलर टाकून उभी होती, एकाकडे रेडिओ. आतून दिव्यांचा पांढरा उजेड वर येत होता आणि अधूनमधून खेळाडूंच्या हाका, ‘माझा, माझा’ अशा, स्पष्ट. ३-० हरले. पहिल्या गोलनंतर रेडिओवाला ‘बेलिन’ म्हणाला. दुसऱ्यानंतर काही म्हणाला नाही. तिसऱ्यानंतर त्याने खिशातून गोळ्या काढून सगळ्यांना एकेक वाटली, मलाही. मोसंबीची. मला तेव्हाच म्हणायचं होतं, आबा, त्या दिवशी मी हसलो ते चुकलं. शब्द जुळवलेही होते. पण गोळी तोंडात होती, आणि अशा माणसांपुढे माफी मागणं म्हणजे त्यांची उगाच पंचाईत करणं, हेही कळत होतं. ‘कॉलेजला असताना बाबा म्हणायचे, मुंबई हरली की समजायचं पाऊस पडला,’ असं काहीतरी मी बरळलो. आबांनी विचारलं, तुमची किती? मी म्हटलं, बेचाळीस. त्यांनी शीळ घातली, कौतुकाची, अगदी खरी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळवारी डॉकमध्ये पाणी सोडलं. बोट हलली, तरंगली, आपली झाली. आबा काठावर उभे होते, हात वगैरे केला नाही.

अधूनमधून मेसेज चालतात. २०२५च्या जूनमध्ये सांपडोरिया तिसऱ्या श्रेणीत पडता पडता शेवटच्या पायरीवर वाचली, तेव्हा मी आबांना चिडवायला लिहिलं, हुकलं की तुमचं! त्यांचं उत्तर, मशीनने भाषांतर केलेलं, पण कुरकुर शाबूत: ते आणखी खाली गेले असते तर मी भांडायचं कुणाशी, जावयाशी? जुलैत इटलीचा संघ टी-ट्वेंटी वर्ल्ड कपसाठी पात्र ठरला ती बातमी मी पाठवली. आबांनी लिहिलं, आमच्या नावात क्रिकेट १८९३पासून आहे, रोमला आत्ता कळलं.

ऑगस्टमध्ये चतुर्थीला घरी होतो. बाबा आता कायमचे मालवणला असतात. गणपतीच्या वर माटी बांधायचं काम त्यांचं, आणि ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. ते स्टुलावर उभे, मी खालून एकेक देतोय, कवंडळं, आंब्याचे टाळे, सुपाऱ्यांचा घड, नारळ. हात चालू असताना मी जेनोव्हाची गोष्ट सांगत होतो, हमालाची, क्रिकेटच्या नावाची, रिकाम्या स्टेडियमची. बाबांचं लक्ष सुंभाच्या गाठीकडे. नऊ वेळा जिंकलेत म्हटल्यावर त्यांनी खाली पाहिलं.

‘मगे शेवटचा कधी जिंकले?’

‘चोवीस साली.’

‘म्हंजे गेल्याच वर्षी,’ बाबा म्हणाले आणि नारळासाठी हात खाली केला.

मी नारळ दिला. ‘होय,’ म्हटलं.